शेजारच्या टेबलावरचं काम तुमच्या टेबलावर येतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: "मी तहसील कार्यालयात तीन वर्षांपासून महसूल सहायक आहे. संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत आम्ही दोघं. शेजारचे काका 51 वर्षांचे, सेवा 27 वर्षं. हजेरी लावतात, अकराला चहाला जातात ते साडेबाराला येतात, जेवणानंतर टेबलावर असतात पण फाइल उघडत नाहीत. त्यांच्याकडची प्रकरणं साचली की नायब तहसीलदार साहेब मला म्हणतात, 'तुमचा हात बसलाय, तेवढं काढून टाका.' काकाही म्हणतात, 'बाळा, एवढं बघ ना.' मी रोज साडेसातला घरी पोचते, घरी लहान मूल आहे. तक्रार केली तर 'नवीन आहे, भांडखोर आहे' असं नाव पडेल. नाही केली तर हे कायमचं होऊन बसेल. काय करू?"

'तुमचा हात बसलाय' हे मी 35 वर्षं ऐकलं. 1987 साली लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू झाले, 2022 साली नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. पहिली बरीच वर्षं हे वाक्य मला ऐकवलं जायचं आणि खुर्ची बदलल्यावर एक-दोनदा माझ्याही तोंडून ते निघालं. त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत. तुमचा त्रास काकांपासून सुरू झाला असेल, पण तो टिकलाय ते त्यांचं न झालेलं काम कागदावर कुठेच दिसत नाही म्हणून. तुम्ही सातपर्यंत बसून ते भरून काढता, महिनाअखेर शाखेचा आकडा जुळतो आणि साहेबांच्या लेखी शाखेत दोन माणसं काम करताहेत.

पुण्यात यशदाला प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा एका व्याख्यात्यांनी दोरीचा प्रयोग सांगितला होता. रिंगेलमान नावाचे फ्रेंच कृषी अभियंते होते. त्यांनी माणसांना एकेकटं आणि मग गटाने दोरी ओढायला लावली. 1913 साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत आठ जण मिळून ओढत होते तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्याच्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आला होता. पुढे अमेरिकेत टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून असेच प्रयोग झाले. त्यात एक गोष्ट पुढे आली, ती मी वहीत लिहून ठेवली: ज्याचा त्याचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे असं सांगितलं की ढिलाई नाहीशी होत होती. माणसं तीच, गटही तोच, फक्त मोजणी वेगळी. तुमच्या शाखेत नेमकी तीच मोजणी नाही. खालचं सगळं सांगणं तिच्याबद्दल आहे.

पण त्याआधी काका खरंच आळशी आहेत का, हे बघा. हे मी काकांची बाजू घेऊन म्हणत नाही. मी स्वतः एकदा चुकले होते.

कार्यालयात नवे संगणक बसल्यानंतरची गोष्ट. आमच्या शाखेत एक अव्वल कारकून होते, आपण त्यांना भाऊसाहेब म्हणू. टिपणी लिहायची वेळ आली की भाऊसाहेब उठायचे. कधी चहा, कधी कोषागारात काम, कधी 'जरा रेकॉर्ड रूममध्ये जाऊन येतो'. मी वर्षभर चिडून त्यांची टिपणं टाइप केली. एका संध्याकाळी डबा विसरला म्हणून परत आले तर दिवे चालू. भाऊसाहेब एकटेच संगणकासमोर, चष्मा कपाळावर, एका बोटाने 'ळ' शोधत होते. समोर अर्ध्या पानाचं पत्र, सव्वा तासात तेवढंच झालेलं. ते मराठी टंकलेखनाची 30 शब्दांची परीक्षा पास झालेले, टाइपरायटरवर हात असा चालायचा की बघत राहावं. पण त्यांचा हात रेमिंग्टनच्या पट्टीवर तयार झालेला आणि संगणकावर होता इनस्क्रिप्ट. अक्षरांच्या जागाच बदललेल्या. वीस वर्षांची सवय असलेली बोटं रोज चुकायची आणि बाजूच्या पोरांसमोर ते दिसू नये म्हणून ते उठून जायचे. दुसऱ्या दिवशी आमच्या संगणक चालकाने त्यांच्या यंत्रावर रेमिंग्टनची पट्टी टाकून दिली. अर्धा तास लागला. महिन्याभरात भाऊसाहेब माझ्यापेक्षा वेगाने टिपणी काढत होते. माझं ते सगळं वर्ष एका पट्टीपायी गेलं, आणि त्यांचं नाव कार्यालयभर 'कामचुकार' म्हणून झालं होतं ते शेवटपर्यंत पुरतं पुसलं गेलं नाही.

म्हणून पंधरा दिवस नुसतं बघा. काका कोणतं काम टाळतात आणि कोणतं करतात? माणूस सगळंच टाळत असेल तर गोष्ट वेगळी. ऑनलाइन प्रणालीत माहिती भरायची वेळ आली की उठत असतील, तर भाऊसाहेबांचा प्रकार असू शकतो. सकाळी बरे आणि दुपारनंतर हरवलेले असतील तर साखर, औषधं, घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं, व्यसन, यातलं काही असू शकतं. पूर्वी चांगलं काम करायचे आणि अमुक वर्षापासून थांबले असतील तर बढती हुकली का, बदलीत अन्याय झाला का, हे जुन्या शिपायाला विचारा. शिपायाला सगळ्यांचा इतिहास पाठ असतो. आणि काही माणसं मात्र अगदी धडधाकट असतात, काम नीट येत असतं, घरी सगळं ठीक असतं; आपण नाही केलं तरी कुणीतरी करतं, एवढं त्यांना पक्कं कळलेलं असतं. 27 वर्षांच्या सेवेत हे कळायला भरपूर वेळ मिळतो.

कारण काहीही निघालं तरी काकांशी एकदा समोरासमोर बोलल्याशिवाय पुढचं काही करू नका. चहाच्या टपरीवर नको, चार जणांत नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. दुपारी तीनच्या सुमाराला, टेबल शांत असताना, हातात एकच प्रकरण घेऊन जा. 'तुम्ही काम करत नाही' म्हणालात तर ते 27 वर्षांची सेवा काढतील आणि तुम्ही गप्प व्हाल. त्याऐवजी असं बोला: "काका, हे प्रकरण 4 तारखेला तुमच्या नावावर आलंय. आज 19 तारीख. मी यापुढे तुमच्याकडची प्रकरणं घेणार नाही, मला घरी सव्वासहाला निघावं लागतं. यात काही अडत असेल, प्रणालीत काही समजत नसेल, तर मी शेजारी बसून दाखवते. पण करायचं तुम्ही." एवढंच, आणि मग गप्प बसा. मधली शांतता भरून काढायला 'बरं, आजच्या दिवस करते' हे तोंडून जाऊ देऊ नका. त्या शांततेत काका जे बोलतील त्यावरून खरं कारण कळेल. 'अगं, ते संगणकाचं मला...' असं काही आलं तर तुमचं अर्धं काम झालं, त्यांना शिकवा आणि मनापासून शिकवा. 'बाळा, तुझ्यासारखं आम्हाला कुठं जमतंय' असं हसून आलं, तर हे त्या धडधाकटांपैकी आहेत हे समजा आणि कागदाकडे वळा.

कागद म्हणजे काय, ते नीट सांगते. तुमच्या शाखेचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सगळ्यात आधी कामकाज वाटपाचा आदेश शोधा. शाखेत कोणाकडे कोणती गावं, कोणत्या योजना, कोणती नोंदवही, हे तहसीलदारांच्या सहीने लिहिलेलं असतं. बऱ्याच कार्यालयांत हा आदेश पाच-सात वर्षांचा जुना असतो आणि त्यातली निम्मी नावं बदलून गेलेली असतात. तुमच्याकडे तसंच असेल तर नवीन आदेश काढण्याची विनंती करा. कारणही देऊ शकता: शाखेतील कर्मचारी बदलल्यामुळे वाटप सुधारित होणे आवश्यक आहे. यात कोणाविरुद्ध एक शब्द नाही, साहेबांना सही करायला अवघड नाही. गावांची विभागणी झाली की संकलन, म्हणजे एकेका टेबलाला नेमून दिलेलं काम, क्रमांक 1 आणि 2 असं वेगळं होतं आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला मालक मिळतो.

मग टपाल. आवक नोंदवहीतून शाखेत आलेलं टपाल कोणाच्या टेबलावर नुसतं ठेवलं जाऊ देऊ नका. संकलनाचा क्रमांक टाकून, ज्याचं त्याने तारखेसह सही करून घ्यायचं. तुमच्याकडे ई-ऑफिस सुरू झालं असेल तर हे आपोआप होतं, फाइल कोणाकडे किती दिवस आहे ते पडद्यावर दिसतं. पण योजनांचे अर्ज अजून पुष्कळ ठिकाणी कागदावरच फिरतात, म्हणून सही महत्त्वाची.

तिसरी गोष्ट कार्यविवरण नोंदवही, म्हणजे आपल्याकडे काय आलं आणि त्याचं काय झालं याची वही, आणि तिचा आठवड्याचा गोषवारा. 1980च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची जी घडी बसवली ती पुढे राज्यभर लखिना पॅटर्न म्हणून ओळखली गेली. पुढच्या काळात पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची मोहीम चालवली तेव्हा दप्तरांचे सहा गठ्ठे पुन्हा नव्याने लागले. नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), प्रतीक्षाधीन (उत्तराची वाट पाहणारी), प्रलंबित, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि नष्ट करायचं, असे सहा. बाहेरच्याला ही साफसफाई वाटते. मला विचाराल तर ती टेबलावरच्या माणसाची मोजणी आहे. सहा गठ्ठे लावलेल्या टेबलाजवळ साहेब दोन मिनिटं उभे राहिले तरी त्यांना कळतं की प्रलंबितचा गठ्ठा किती जाड आहे आणि वरचा कागद कोणत्या तारखेचा आहे. ढीग लावलेल्या टेबलावर कळत नाही. म्हणून ढीग लावणाऱ्या माणसाला ढीग आवडतो.

तुम्ही तुमच्या संकलनाचे गठ्ठे लावा आणि दर सोमवारी तुमचा गोषवारा काढून साहेबांच्या टेबलावर ठेवा: मागील शिल्लक, आठवड्यातील आवक, एकूण, निर्गत (म्हणजे निकाली काढलेली), शिल्लक, आणि शिल्लकीत सात दिवसांवरची किती. कुणी मागितला नसला तरी ठेवा. तीन सोमवार फक्त तुमचाच येईल. चौथ्या सोमवारी साहेब विचारतील, दुसऱ्या संकलनाचा कुठाय? माझ्या अनुभवात चौथा-पाचवा सोमवार ओलांडावा लागलेला नाही, कारण साहेबांनाही वर आढावा बैठकीत आकडे द्यायचे असतात आणि हातात अर्धा तक्ता आला की उरलेला अर्धा मागावाच लागतो.

यादरम्यान 'हात बसलाय' हे येणारच. तेव्हा सरळ नाही म्हणू नका, तुम्ही कनिष्ठ आहात आणि साहेबांनी सांगितलेलं काम हे काम आहे. ते करा, पण टिपणी ठेवून करा. मजकूर असा:

"सविनय सादर. आपल्या तोंडी सूचनेनुसार संकलन क्र. 2 कडील 14 प्रकरणांची छाननी माझ्याकडून पूर्ण करून सोबत सादर केली आहे. त्यामुळे संकलन क्र. 1 कडील 9 प्रकरणांची छाननी आज अखेर प्रलंबित राहिली आहे. यापुढील प्रकरणांबाबत कृपया आदेश व्हावेत."

यात काकांचं नाव नाही, विशेषण नाही, तक्रार नाही. दोन आकडे आणि एक तारीख आहे. अशी पहिली टिपणी गेली की साहेब तुम्हाला बोलावून म्हणतील, "एवढ्यासाठी टिपणी कशाला?" तुम्ही म्हणायचं, "साहेब, माझी नऊ राहिली, ती मला उद्या कुणी विचारली तर उत्तर हवं म्हणून." दुसरी टिपणी ठेवायची वेळ सहसा येत नाही. आली तर ठेवा.

आता यातली सगळ्यात अवघड गोष्ट. तुम्ही ज्या शाखेत आहात तिथे प्रलंबित कागद म्हणजे एक माणूस आहे. निराधार योजनेचं अनुदान बहुतेकांना महिन्याला 1,500 रुपये. छाननी झाली नाही तर अर्ज समितीच्या बैठकीपुढे जात नाही, बैठक हुकली की पुढच्या बैठकीपर्यंत थांबणं आलं, आणि ती कधी लागेल ते तुम्हाला माहीत असतं, दारात बसलेल्या म्हातारीला नसतं. एसटीचं तिकीट काढून ती तिसऱ्यांदा आलेली असते, पदराच्या गाठीत आधार कार्डाची झेरॉक्स. अशा वेळी 'हे काकांचं संकलन आहे, त्यांचं त्यांना होऊ दे' म्हणून तुम्ही बसून राहावं, असं मी कधीच सांगणार नाही. मी स्वतः बसू शकले नसते.

पण हाच धागा पकडून तुमच्याकडून काम काढून घेतलं जातं, हेही खरं. म्हणून मी माझ्यापुरती एक रेघ आखली होती. ज्यात उशिराचा फटका थेट माणसाला बसतो ते काम मी त्याच दिवशी करायचे आणि त्यावर 'संकलन क्र. 2 चे प्रकरण, अर्जदार समक्ष उपस्थित, तातडीने सादर' असं लिहायचे. ज्यात फटका फक्त आमच्या शाखेच्या आकड्याला बसतो, नियतकालिक अहवाल, वरून आलेलं माहिती मागवणारं पत्र, स्मरणपत्राचं उत्तर, जुन्या फाइलींचं वर्गीकरण, त्याला मी हात लावायचे नाही. जिल्ह्यावरून स्मरणपत्र येऊ द्यायचं. दुसरं येऊ द्यायचं. तिसरं आलं की फोन येतो, आणि फोन साहेबांना येतो. त्या दिवशी शाखेत आवाज चढतो, तुमचाही जीव खालीवर होतो, तरी त्या दिवशी तुम्ही उठून ते काम करायला घेऊ नका. फोन ज्याच्या कामाचा आहे त्याच्यापर्यंत पोचू द्या. इतकी वर्षं तो फोन तुमच्यावर येऊन थांबत होता.

आणि म्हातारीला काकांच्या टेबलाकडे पाठवताना तोंडी पाठवू नका. तिच्या पोचपावतीवर अर्जाचा क्रमांक, तारीख आणि संकलन क्रमांक लिहून द्या. तिच्याबरोबर आलेला नातू ते वाचू शकतो. नागरिकांच्या सनदेत कोणत्या कामाला किती दिवस हे कार्यालयाबाहेर फलकावर लिहिलेलं असतंच. ज्या सेवा 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित आहेत त्यांना मुदत आहे, अपील आहे, कसूर ठरली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती आहे. ती शास्ती लिपिकाला लागत नाही, अधिकाऱ्याला लागते. म्हणून साहेबांशी बोलताना हा कायदा उपयोगी पडतो, काकांशी बोलताना नाही.

साहेबांकडे जायची वेळ कधी? दीड-दोन महिने हे सगळं करूनही शिल्लक तशीच राहिली तर. जाताना दोन्ही संकलनांचे सात-आठ गोषवारे एकाखाली एक लावून न्या. "काका कामच करत नाहीत साहेब" हे वाक्य साहेबांनी याआधी दहा जणांकडून ऐकलंय आणि त्यांना त्याचं काही करता आलेलं नाही, कारण त्यावर सही करता येत नाही. तक्त्यावर येते. मी त्या खुर्चीत बसले तेव्हा कळलं की साहेब गप्प बसतात ते दरवेळी भित्रेपणाने नाही. संघटना आहे, ओळखीपाळखी आहेत, निम्मी पदं रिक्त असतात, आणि आहे त्या माणसाला दुखावलं तर तो वैद्यकीय रजेवर जाईल ही भीती असते. शिवाय कारवाई सुरू करायला हातात पुरावा लागतो आणि तो गोळा करायला वेळ नसतो. तो पुरावा तुम्ही आठवड्या-आठवड्याने आधीच ठेवलेला असतो.

साहेबांच्या हातात काय आहे, हे तुम्हाला माहीत असावं. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा जो 2005चा अधिनियम आहे, त्याचं बदल्यांचं अर्धं सगळ्यांना पाठ असतं, विलंबाचं अर्धं कुणी वाचत नाही. त्याच्या कलम 10 प्रमाणे सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, आणि जाणूनबुजून विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. सुरुवात साध्या ज्ञापनाने, म्हणजे लेखी विचारणेने होते. मग कारणे दाखवा नोटीस. मग गोपनीय अहवाल. 27 वर्षं सेवा झालेल्या माणसाला ज्ञापनाची फार भीती नसते, पण बढती न मिळताही वरचं वेतन देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचा 30 वर्षांचा लाभ तीन वर्षांवर आलेला असतो आणि त्याला गोपनीय अहवाल लागतात. 50/55 वर्षांचं पुनर्विलोकनही असतं, म्हणजे माणसाला पुढे सेवेत ठेवायचं का याचा आढावा. हे काकांना तुम्ही सांगायचं नाही, तुमच्या तोंडी ती धमकी होईल. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून एकदा शांतपणे सांगितलं की पुरतं. मी नायब तहसीलदार असताना एका कर्मचाऱ्याला तक्ता समोर ठेवून एवढंच विचारलं होतं, "भाऊ, यंदाच्या अहवालात मी काय लिहू, तुम्हीच सांगा." त्यांनी तक्ता बराच वेळ पाहिला. पुढच्या दोन महिन्यांत सात दिवसांवरची शिल्लक 61 वरून 12 वर आली. ते माझे मित्र झाले नाहीत, आणि तसं होण्याची गरजही नव्हती.

काही गोष्टी मात्र करू नका. झोपलेल्या सहकाऱ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं, निनावी अर्ज, नातेवाइकाच्या नावाने माहिती अधिकार टाकणं, स्थानिक पत्रकाराच्या कानात सांगणं. मी यातलं सगळं होताना पाहिलंय. प्रत्येक वेळी दोन आठवडे चर्चा 'हे कोणी केलं' याची झाली आणि काम कोणी केलं नाही हा विषय मागे पडला. तुम्हीही मुद्दाम हात आखडता घेणं हा तर सगळ्यांत वाईट मार्ग, कारण त्यानंतर तुमचा गोषवारा खोटा होतो आणि तुमच्याकडे एवढी एकच खरी गोष्ट आहे.

'भांडखोर' हे नाव पडेल ही तुमची भीती खरी आहे. थोडे दिवस पडेलही. चहाला तुम्हाला बोलावणार नाहीत, काका 'आजकालची पोरं' म्हणतील. कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा आहे. तुम्ही सव्वासहाला पर्स उचलली तर पहिले पंधरा दिवस माना वळतील. वळू द्या. तुमचं मूल घरी आहे.

हे सगळं करूनही काका बदलतील याची खात्री मी देऊ शकत नाही. माझ्या सेवेत एक गृहस्थ होते, तीन साहेब थकले, ज्ञापनं झाली, एक वेतनवाढ रोखली गेली, तरी ते जसे होते तसेच निवृत्त झाले. पण शेवटची चार वर्षं त्यांचं काम माझ्याकडे आलं नाही, कारण गावांची वाटणी लिहिलेली होती.

आणि म्हणूनच शेवटची गोष्ट, जी तुम्हाला एप्रिल-मेमध्ये लागेल. बदल्यांचा हंगाम आला की काका कदाचित जातील आणि त्यांचं दप्तर तुमच्याकडे येईल. सगळे म्हणतील, सुटलीस. त्या दिवशी घाई करू नका.

मी केली होती. 1990च्या दशकात, असेच एक सहकारी बदलून गेले आणि जाताना म्हणाले, "ताई, सगळं कपाटात आहे, सही करा, मला गाडी गाठायचीय." मी 'दप्तर मिळाले' लिहून सही केली. आठवड्याने कपाटाचा खालचा खण उघडला. जुन्या मतदार याद्यांच्या खाली, लाल बासनात बांधलेले 43 अर्ज. त्यातले बरेच निराधार योजनेचे. सही माझी असल्यामुळे ते आता माझ्याकडे प्रलंबित होते, पण मला त्याचं तितकं काही वाटलं नाही. मी तारखेप्रमाणे लावून एकेक काढायला घेतले. एक अर्ज दीड वर्षापूर्वीचा, विधवा बाई, दोन एकर कोरडवाहू, मूलबाळ नाही, सोबत तलाठ्याचा अहवाल, सरपंचांचा दाखला, सगळे कागद बरोबर. फक्त छाननीची सही नव्हती. मी तलाठ्याला निरोप दिला की बाईंना घेऊन या. तो दुसऱ्या दिवशी एकटाच आला. बाई पावसाळ्यात गेल्या होत्या. तो अर्ज मला 'अर्जदार मयत, नस्तीबद्ध' असं लिहून बंद करावा लागला. ते शब्द मी माझ्या हाताने लिहिले आहेत.

तर बदलीचा आदेश निघाला की कार्यभार हस्तांतरणाची यादी मागा. काकांना शेजारी बसवा आणि कपाटाचा प्रत्येक खण, टेबलाचे तिन्ही कप्पे, कपाटावरचे गठ्ठे, खिडकीतली बासनं उघडा. प्रत्येक प्रलंबित प्रकरण, आवक क्रमांक, तारीख, सद्यस्थिती, असं लिहा. याद्या दोन प्रतींत, दोघांच्या सह्या, साहेबांची प्रतिस्वाक्षरी. संध्याकाळ झाली तर दुसऱ्या दिवशी उरलेलं करा. गाडी चुकली तर चुकू दे. यादीतले सर्वांत जुने दहा अर्ज त्याच दिवशी वेगळे काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावांच्या तलाठ्यांना आधी फोन करा.